रंग अचूक, रूळ वीतभर कमी

छोट्या रेल्वेगाड्यांच्या प्रदर्शनात नवखा माणूस आधी विचारतो, "चालते का हो ही?" जाणकार विचारतो, "कुठल्या सालची?" गाडी चालते की नाही, याच्याशी जाणकाराला फारसं कर्तव्य नसतं. उलट चालणारी गाडी त्याला अडचणीचीच वाटते, कारण ती पळत असताना डब्याखालच्या ब्रेकच्या दांड्या मोजता येत नाहीत.

साल विचारायला कारण आहे. तुम्ही छाती फुगवून सांगितलंत, "ही डेक्कन क्वीन", तर त्याने काहीच ठरत नाही. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे धावू लागली ती डेक्कन क्वीन म्हणजे सात-सात डब्यांचे दोन रेक. खालचे सांगाडे विलायतेहून आलेले, वरचे डबे जीआयपी रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात बांधलेले. एक रेक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा राजेशाही निळा, त्यावर सोनेरी रेघा. तिसरा वर्ग या गाडीला नव्हताच. तो आला १९५५ साली, त्यामुळे त्याआधीच्या डब्यावर तिसऱ्या वर्गाचा आकडा दिसला की तुमचा मामला तिथेच संपला. १९६६ साली पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले आणि साताचे बारा झाले. मग पुणेकरांच्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलेली निळी-पांढरी. मग २०२२ साली एलएचबी डबे आणि पुन्हा नवा रंग. नाव एकच, अवतार अनेक, आणि प्रत्येक अवताराचे भक्त निराळे.

त्यातही १९३०च्या अवताराला भक्त जास्त. याचं कारण इतिहासप्रेम नसून दिवाणखान्याची लांबी आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. एकास सत्त्याऐंशी या मापात, म्हणजे या लोकांच्या भाषेत एचओमध्ये, आजचा एक डबा पंचवीस ते सत्तावीस सेंटिमीटरचा होतो. सोळा डबे आणि इंजिन जोडलं की गाडी साडेचार मीटरच्या आसपास जाते. पुण्यातल्या वन बीएचकेमध्ये इंजिन बाल्कनीत पोचलं तरी शेवटचा डबा स्वयंपाकघरातून निघालेला नसतो. सात डबे मात्र भिंतीलगतच्या फळीवर निमूट बसतात. इतिहास असा फळीच्या मापाने निवडला जातो. एकदा निवडला की मग मात्र तडजोड नाही.

अशाच एका चंदेरी डेक्कन क्वीनभोवती जमलेली गर्दी मला आठवते. बनवणारा तिशीतला तरुण. लाल पट्ट्या त्याने एकेरी केसाच्या ब्रशने ओढल्या होत्या. पुढे जीआयपीचं विजेचं इंजिन, आणि इंजिनाच्या कुशीला तांदळाच्या दाण्याएवढी पितळी पाटी: 'सर रॉजर लम्ली'. हे इंजिन खरं आहे. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते उभं आहे, क्रमांक ४००६, आणि या जातीची इंजिनं डेक्कन क्वीन ओढत असत हेही खरं. लोक वा वा करत होते. तेवढ्यात एक आजोबा पुढे सरकले. खिशातून भिंग काढलं. बराच वेळ वाकून पाहिलं आणि सरळ होत विचारलं,

"लम्लीसाहेब इथे काय करतायत?"

"काका, ते इंजिनाचं नाव आहे."

"ते दिसतंय मला. गाडी कुठल्या सालची म्हणालात?"

"एकोणीसशे तीस."

"लम्लीसाहेब मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले सदतीस साली. त्याच्या सात वर्षं आधी रेल्वेला त्यांचं नाव कुणी सुचवलं? ज्योतिषाने?"

पोराचा चेहरा पडला. त्याने चिमट्याने पाटी उचकटली. तिथे गोंदाचा चौकोनी डाग राहिला. दुसऱ्या एका गृहस्थांनी तोडगा सुचवला: गाडी तीसऐवजी अडतीस सालची म्हणा, म्हणजे साहेब आले, पाटी आली, सगळं जुळलं. त्यावर तिसरे म्हणाले, अडतीस सालापर्यंत चंदेरी रंग जसाच्या तसा होता याला पुरावा काय? चौथ्यांनी एक चांगला पर्याय काढला. लेस्ली विल्सन! ते गव्हर्नर म्हणून १९२३ ते २८ इथे होते, तेव्हा तीस साली त्यांच्या नावाची पाटी असायला हरकत नाही, आणि 'सर लेस्ली विल्सन' नावाचं इंजिनही आहेच. सगळ्यांना हायसं वाटलं. पण आजोबांनी भिंग अजून खिशात ठेवलं नव्हतं. "आहे ना," ते म्हणाले, "पण तो खेकडा." खेकडा म्हणजे घाटात मालगाड्या ओढणारं इंजिन. चाकांना बाहेरून दांडे जोडलेले, वाकडंतिकडं हलत आणि कण्हत चढणारं, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. डेक्कन क्वीनला खेकडा जोडायचा म्हणजे वरातीच्या घोड्याजागी रेडा. शेवटी इंजिन बेनामी राहिलं, आणि डागावर काय लावायचं याची चर्चा चहापर्यंत पुरली. पुण्यातच एकजण असा आहे की तो अशा पेचात सापडलेल्या कुठल्याही विजेच्या इंजिनाला 'लोकमान्य' अशी पाटी लावून मोकळा होतो. त्या नावाचं इंजिन चित्तरंजनला १९६१ साली बनलं, तिथलं पहिलं विजेचं इंजिन. पण पुण्यात त्या पाटीला आक्षेप घेण्याची कुणाची छाती होत नाही.

इंग्लंडात या जातीच्या माणसाला 'रिबिटं मोजणारा' म्हणतात. आपल्याकडे रिबिटं मोजून भागत नाही. आपला जाणकार आधी डब्याचा नंबर वाचतो, कारण आपल्या डब्याच्या नंबरात त्याची जन्मपत्रिकाच असते. पहिले दोन आकडे बांधणीचं साल, पुढच्या तिघांवरून डबा कुठल्या वर्गाचा ते कळतं. तुम्ही मन लावून जुना तांबडा डबा रंगवलात आणि वर सुबक अक्षरांत नंबर टाकलात ०७ने सुरू होणारा, की जाणकार तुमच्याकडे कनवाळू नजरेने पाहतो. नव्वदच्या दशकापासून गाड्या निळ्या होत गेल्या; २००७ साली जन्मलेल्या डब्याला आजोबांचं तांबडं धोतर कुठून आलं?

मग पाट्या. गाडीवर 'बॉम्बे व्हीटी' असेल तर १९९६च्या आधी, 'मुंबई सीएसटी' असेल तर त्यानंतर, आणि 'सीएसएमटी' असेल तर २०१७नंतर. माझ्या ओळखीच्या एका माणसाने तांबड्या डब्यांवर चुकून 'सीएसएमटी' लावलं होतं. त्याला कुणी काही बोललं नाही. नुसतं एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. त्याने ते पाहिलं, आणि पुढचं प्रदर्शन तो आजारी होता.

मग गाडी उताणी करतात. सभ्य माणसं हे परवानगी घेऊन करतात. डब्याच्या पोटाखाली संडासाच्या टाक्या आहेत का ते पाहायचं असतं. २०११पासून रेल्वेने डब्यांना जैविक शौचालयं बसवायला सुरुवात केली आणि त्यांच्या टाक्या खाली लटकू लागल्या. त्याआधी नुसता नळा होता, आणि त्यातून काय पडे ते रुळांच्या कडेला राहणाऱ्यांना विचारा. तेव्हा १९९५चा डबा आणि खाली टाकी, म्हणजे गंभीर चूक. कालविपर्यास हा शब्द मी साहित्याच्या तासाला शिकलो होतो. तो शौचकूपाला लागलेला पहिल्यांदा इथेच ऐकला.

शेवटच्या डब्यामागे पिवळी फुली आणि 'एलव्ही'ची पाटी हवी, हे आता लहान पोरंही सांगतात. ती पाटी म्हणजे शेवटचा डबा हाच, गाडी मध्येच तुटून राहिलेली नाही, याची खूण. एका सद्गृहस्थांच्या गाडीला ती नव्हती. रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले एक पाहुणे तिथे उभे होते. गाडी त्यांच्यासमोरून पुठ्ठ्याच्या स्टेशनातून गेली. त्यांनी मान हलवली. "ही गाडी पूर्ण आली असं मी लिहून देणार नाही," ते म्हणाले, आणि खरंच पुढची गाडी सोडू देईनात. गंमत म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण बरंच चिघळलं. मागून आलेली मालगाडी सिग्नलला तशीच उभी, मालक टेबलाखाली पाटी शोधतोय, आणि मास्तर कमरेवर हात देऊन.

आता रंगाकडे येऊ. इथे भल्याभल्यांची घरं मोडायची पाळी येते.

जुना तांबडा डबा नेमका कुठल्या तांबड्याचा? पुरुषांना रंगांची नावं चारपाचच येतात आणि त्या भांडवलावर ते तासभर भांडू शकतात. एका घरी अशीच बैठक चालू होती. एकजण म्हणत होता मरून, दुसरा म्हणत होता विटेचा रंग, तिसऱ्याने रंगाच्या कंपनीचं शेडकार्ड आणलं होतं. घरातल्या वहिनी चहा घेऊन आल्या, टेबलावरच्या तिन्ही डब्यांकडे एक कटाक्ष टाकला आणि म्हणाल्या, "हा डाळिंबी, हा आमसुली आणि हा विटकरी. गाडी डाळिंबी नव्हती. नवी असताना विटकरीकडे झुकलेली, जुनी झाली की आमसुली." साडीच्या दुकानात आयुष्य काढलेली नजर ती. सभा बरखास्त झाली. तेव्हापासून त्या गटात वादग्रस्त रंग वहिनींकडे पाठवतात, आणि मुंबई लोकलच्या २००७ साली आलेल्या नव्या गाड्यांचा जांभळा हा वांगी नसून लव्हेंडरच्या जवळचा आहे, असा त्यांचा निकाल अखेरचा मानला गेला आहे.

पण १९३०चा निळा पाहिलेलं कोण आता सांगायला? मग जुने फोटो काढायचे. ते काळेपांढरे. त्यातही एक मेख अशी की त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तांबडं ते काळं येई, निळं ते पांढुरकं येई. म्हणजे ज्या फोटोत डबा फिका दिसतो तो कदाचित गडद निळा, आणि ज्या पट्ट्या काळ्या दिसतात त्या लालभडक. एवढं कळल्यावर माणसाचा स्वतःच्या लग्नाच्या अल्बमवरचा विश्वासही उडतो. शिवाय विलायतेतले कारखाने नवं इंजिन तयार झालं की फोटोपुरतं त्याला राखाडी रंग देत, म्हणजे फोटोत सगळे बारकावे उठून दिसावेत. फोटो झाला की खरा रंग. अशा फोटोंवरून भोळेपणाने राखाडी इंजिनं करणारेही होऊन गेले. त्यांनी केलेलं इंजिन खरोखर होतं, फक्त एका दुपारपुरतं.

बरं, रंगाची मूळ वडी हाताला लागली, रेल्वेच्या भांडारातला खराखुरा डबा मिळाला, तरी उपयोग नाही. तोच रंग वीतभर डब्यावर लावला की गडद आणि मेणचट दिसतो. खरी गाडी आपण पन्नास पावलांवरून, उन्हात आणि धुळीतून पाहिलेली असते. म्हणून तज्ज्ञ त्यात थोडा पांढरा मिसळतात. थोडा म्हणजे किती, यावर तज्ज्ञांचे दोन गट आहेत आणि ते एकमेकांच्या मुलांच्या मुंजीला जात नाहीत. आणि हे सगळं करून तो डबा ट्यूबलाइटखाली मांडायचा, म्हणजे तिसराच रंग. या बाबतीत मला विल्यम स्ट्राउडली हा गृहस्थ आवडतो. हा इंग्लंडात ब्रायटनच्या रेल्वेचा इंजिनप्रमुख, १८७० सालापासून. त्याने आपल्या इंजिनांच्या रंगाला 'सुधारित हिरवा' असं नाव दिलं होतं आणि तो रंग चक्क पिवळा होता, आपल्या हळदीच्या जवळचा. तो रंगांधळा होता असं काही लोक म्हणतात. मला वाटतं तो साहेब होता, आणि साहेबाने हिरवा म्हटलं की हाताखालच्यांना तो हिरवा दिसतो.

इथवर आलात, तर आता एक गोष्ट सांगतो, जी प्रदर्शनात मोठ्याने बोलायची नसते. आपली ब्रॉडगेज म्हणजे दोन रुळांत १६७६ मिलिमीटर. एकास सत्त्याऐंशीच्या मापात हे अंतर सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं. पण बाजारात रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते परदेशातल्या अरुंद, १४३५ मिलिमीटरच्या रेल्वेसाठी बनवलेले असतात. म्हणजे ज्या गाडीच्या संडासाच्या टाकीवरून आपण माणसं जोडतो-तोडतो, ती गाडी ज्या रुळांवर उभी आहे ते खऱ्या मापात चांगले वीतभर अरुंद आहेत. रंग अचूक, पाटी अचूक, नंबर अचूक, आणि चाकं अख्खी आत सरकलेली. प्रत्यक्षात अशी डेक्कन क्वीन पुणे स्टेशनातून सुटलीच नसती. ती रुळांच्या मध्ये खडीवर पडली असती.

यावर इंग्रज माणसाकडून सहानुभूती मिळते, कारण त्याचीही तीच गत आहे. त्यांच्या गाड्या अंगाने लहान, जुन्या काळी त्यात मोटर मावेना, म्हणून त्यांनी गाडीचं माप जरा वाढवलं आणि रूळ तेच साडेसोळाचे ठेवले. त्यांचाही रूळ खऱ्या मापात सात इंच कमी पडतो. काही साधकांना हे सहन झालं नाही आणि त्यांनी १८.८३ मिलिमीटर असा दोन दशांश स्थळांपर्यंतचा रूळ हाताने बनवायला घेतला. अशांच्या गाड्या अप्रतिम असतात. सहसा त्या चालत नाहीत, पण मघाशी म्हटलं तसं त्याचं कुणाला काही नसतं.

वळणांचा विषय तर मी काढतच नाही. खेळण्याच्या संचातलं नेहमीचं वळण खऱ्या मापात केलं तर त्याची त्रिज्या चाळीस मीटर भरते. आपली रेल्वे ब्रॉडगेजवर १७५ मीटरच्या खाली जात नाही. चाळीस मीटरच्या वळणावर प्रवाशांना पुढच्या डब्यातल्या माणसाशी खिडकीतून हस्तांदोलन करता येईल. आणि डबे जोडणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या कड्या! खऱ्या मापात त्यांवर दोन माणसं बसून भेळ खातील. या सगळ्याकडे जाणकार पाहत नाही. त्याची नजर तरबेज असते, म्हणजे कुठे पाहायचं नाही हे तिला नेमकं कळतं.

मला सुरुवातीला वाटायचं की ही माणसं निदान खऱ्या रेल्वेशी तरी एकनिष्ठ आहेत. पुढे कळलं की भानगड उलटी आहे. खरी रेल्वेच यांच्याइतकी काटेकोर नाही.

जगातलं सर्वांत प्रसिद्ध इंजिन घ्या, 'फ्लाइंग स्कॉट्समन'. १९२३ साली डॉनकास्टरला बनलं, ४४७२ या क्रमांकाने सफरचंदी हिरव्या रंगात गाजलं, १९३४ साली ताशी शंभर मैलांना पोचलं. १९४६ साली नव्या पद्धतीत नंबर बदलून १०३ झाला. १९४७च्या जानेवारीत बॉयलर बदलून ते 'ए-३' जातीचं झालं. १९६३ साली सेवेतून निघालं तेव्हा एका शौकिनाने ते विकत घेतलं आणि प्रेमाने पुन्हा ४४७२ लिहून सफरचंदी हिरवं रंगवलं. आता हिशेब करा. ४४७२ हा नंबर असताना नवा बॉयलर नव्हता, आणि नवा बॉयलर आला तेव्हा तो नंबर गेलेला होता. म्हणजे लाखो लोकांनी हात हलवून निरोप दिला, बिस्किटांच्या डब्यांवर आणि पोस्टरांवर पाहिलं, ते इंजिन रेल्वेच्या नोकरीत असताना त्या रूपात कधीच नव्हतं. खरं इंजिन चुकीचं, त्याचं हुबेहूब मॉडेल बरोबर. २०१६ साली मोठ्या दुरुस्तीनंतर ते गडद हिरव्या रंगात, ६०१०३ या नंबराने आणि जोडधुराड्यासह परत आलं, म्हणजे शेवटच्या नोकरीच्या काळाशी बरंचसं जुळणारं. तर लोक चिडले, म्हणाले आमचं खरं इंजिन कुठंय?

आपल्याकडे तर आनंदच. डब्ल्यूडीएम-२ हे आपलं डिझेल इंजिन. पहिली अमेरिकेहून १९६२ साली आली, १९६४पासून बनारसला बनू लागली, आणि पुढे अडीच हजारांहून जास्त झाली. या अडीच हजारांचा रंग कोणता? जी शेड तिचा तो. प्रत्येक डिझेल शेडने आपापल्या आवडीने इंजिनं रंगवली. कुठे पट्टा तिरका, कुठे आडवा, कुठे नाकावर वाघाचं तोंड काढावंसं वाटलं म्हणून काढलं. एका शेडचं इंजिन दुसऱ्या शेडला बदली होऊन गेलं की अर्धा रंग माहेरचा, अर्धा सासरचा. एक दार दुरुस्तीला काढलं आणि दुसऱ्या इंजिनाचं बसवलं, तर ते दार निराळ्या रंगाचं. त्यावर २०१४नंतर स्वच्छ भारतचा चष्मा, आणि पुढे अख्ख्या अंगभर जाहिराती.

याचा फायदा असा की या छंदात कुठलीही चूक दीर्घकाळ चूक राहत नाही. तुम्ही पट्टा उलटा ओढा, नंबर चुकवा, डावा आरसा विसरा. फक्त धीर धरा. कधी ना कधी कुणीतरी कुठल्यातरी जंक्शनवर तसंच इंजिन पाहतो आणि फोटो काढतो. "फोटो आहे माझ्याकडे," हे या जगातलं ब्रह्मास्त्र. ते सुटलं की भिंगवाले आजोबासुद्धा दोन पावलं मागे सरतात. मी एक इंजिन असं पाहिलं आहे की ते केवळ रंग संपला म्हणून मागच्या बाजूला वेगळं झालं होतं. वर्षाच्या आत मालकाला तशाच खऱ्या इंजिनाचा फोटो मिळाला. तिथेही रंगच संपला असावा.

कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून आहे. तिथे पोरं दिवे लागलेलं चिमुकलं शहर पाहून नाचतात, आयाबाया पोरांना आवरतात, आणि एखादा माणूस काचेला नाक लावून निश्चल उभा असतो. तो डब्याचे बफर पाहत असतो. त्याला हलवू नका.

आता शेवटचा टप्पा, म्हणजे मळ. खरी गाडी मळकी असते. कोरी गाडी मांडणं म्हणजे फक्त शोरूम मांडणं. म्हणून महिनोन्‌महिने खपून केलेल्या रंगावर ही माणसं एअरब्रशने काजळी, गंज आणि धूळ फवारतात. ते पाहताना परक्या माणसाच्या काळजात कालवतं. इंग्रज माणसाचं इथे काजळीवर भागतं. आपला प्रामाणिक कलावंत मात्र खिडकीखालच्या पानाच्या पिंकेपाशी अडखळतो. डब्यांवर ती असतेच. काळाचा पुरावा म्हणून म्हणाल तर रंगापेक्षा पिंक जास्त सातत्याने टिकून आहे. तरीही सहसा कुणी ती दाखवत नाही. मुंबई लोकलची मॉडेलंही अशीच: पहिल्या वर्गाच्या लाल तिरप्या पट्ट्या आहेत, बायकांच्या डब्यावरची पदर घेतलेली बाईसुद्धा सूक्ष्मदर्शकातून काढल्यासारखी आहे, आणि सकाळी साडेआठची ती अख्खी गाडी रिकामी. तेवढी माणसं चिकटवायची तर मोटरला गाडी ओढवणार नाही, हे त्यांचं स्पष्टीकरण. खऱ्या मोटरमनचंही तेच म्हणणं असेल, पण त्याला कुणी विचारत नाही.

पिंकेचं धाडस अखेर एका पठ्ठ्याने केलं. निळी-पांढरी डेक्कन क्वीन, आणि खिडक्यांखाली बारीक बारीक तांबडे ओघळ. कत्था, लाल आणि काळा एकत्र करून त्याने तो रंग साधला होता. वहिनींनी पाहून मान्यता दिली होती. आजोबा आले. भिंग निघालं. सगळे श्वास रोखून उभे. आजोबा एका डब्यावरून दुसऱ्यावर गेले, परत पहिल्यावर आले.

"ओघळ मागे का झुकलेत?"

"काका, गाडी पळतेय ना. वाऱ्याने मागे जाणार."

"सकाळी पुण्याहून मुंबईला जाते तेव्हा मागे. संध्याकाळी तोच रेक उलटा परत येतो, इंजिन दुसऱ्या टोकाला. डबे काही वळवून घेत नाहीत. मग संध्याकाळचे ओघळ कुठंयत?"

पठ्ठ्या क्षणभर गप्प झाला. मग त्याने वही काढली आणि आजोबांच्या हातात पेन्सिल दिली. आता दोघं मिळून ठरवताहेत, कुठल्या दिशेचे जास्त दाखवायचे. आजोबांचं मत संध्याकाळच्या बाजूने आहे. सकाळी पुणेकर तोंडापुढे पेपर धरून बसतो आणि त्याला तोंड उघडायचंच असेल तर ते मुंबईला नावं ठेवण्यासाठी.

पठ्ठ्या म्हणतो, याला पुरावा लागेल. एखादा फोटो असेल का?